लेख ठेवावा

"उपाशीपोटी आलात ना?" मंजुळाने मान वर न करता विचारलं आणि कीबोर्डवर बोटं ठेवली. "नाव सांगा."

समोरून उत्तर आलं नाही म्हणून तिने वर पाहिलं. काउंटरपलीकडे तिशीचा एक चष्मेवाला तरुण उभा होता. पाठीवर सॅक, कपाळावर घाम. हातात डॉक्टरची चिठ्ठी नव्हती, पुस्तक होतं. निळं, मळकं, पाठीवर वाचनालयाची चिकटपट्टी असलेलं. ते त्याने काचेवर ठेवलं आणि हळू आवाजात विचारलं, "तुम्हीच मंजुळा काशीनाथ का?"

सिल्व्हर पार्कच्या त्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये तिला सगळे घरत मॅडम म्हणायचे. गोडदेवला घरी ती आत्या होती. मंजुळा काशीनाथ हे नाव एका पुस्तकाच्या कव्हरवर छापलं गेलं होतं, त्याला आता अठ्ठावीस वर्षं होऊन गेली होती, आणि ते कुणाच्या तोंडून ऐकायची तिची सवयच मोडली होती. तिने पुस्तक उचलून त्याच्या हातात परत दिलं. मागे उभ्या असलेल्या आजोबांना "अंकल, पाँच मिनट बैठिए" म्हणाली, आणि त्या मुलाला जेवणाच्या सुट्टीत यायला सांगितलं.

त्याचं नाव अभिनव. कांदिवलीच्या एका कॉलेजात मराठी शिकवायचा, राहायला मीरारोडलाच होता. कॉलेज सुटल्यावर तो इंटरनेटवरच्या एका मराठी ज्ञानकोशासाठी लिहायचा. तिथे कुणीही लिहू शकतं, पैसे कुणालाच मिळत नाहीत, असं त्याने तिला लॅबखालच्या चहाच्या टपरीवर उभ्याउभ्या समजावलं. एका बंद पडलेल्या वाचनालयाने पुस्तकं रद्दीत काढली, त्यात त्याला तिची कादंबरी मिळाली, 'पाणी सोडलं तेव्हा'. त्याने ती एका बैठकीत वाचली आणि दुसऱ्याच दिवशी ज्ञानकोशात तिच्यावर लेख लिहिला. आता त्या लेखावर आक्षेप आला होता. कोण ही लेखिका, पुरावा काय, एका पुस्तकावर नोंद कशाला. आठवडाभर चर्चा चालणार, मग लेख ठेवायचा की वगळायचा ते ठरणार. तो पुरावे शोधत होता. प्रकाशक वारलेले. त्यांच्या मुलीला एवढंच आठवत होतं की या बाई भायंदरकडच्या कुठल्याशा लॅबमध्ये असायच्या. तिसऱ्या लॅबमध्ये ती सापडली.

त्याने फोन पुढे केला. तिने चष्मा लावून वाचायला सुरुवात केली. सगळ्यात वर चौकटीत लिहिलं होतं की हा लेख वगळण्याचा प्रस्ताव आहे. खाली तिचं नाव, ठळक अक्षरांत. मराठी कादंबरीकार. जन्माचं साल चार वर्षांनी चुकलं होतं, आणि ते बरोबर करून सांगावं असं तिच्या अगदी ओठांवर आलं. एका मासिकाने पुस्तकाला दिलेल्या पुरस्काराचा उल्लेख होता. तो घ्यायला ती गेली नव्हती, हे त्याला माहीत नव्हतं. कुणीतरी आपलं पुस्तक शेवटच्या पानापर्यंत वाचलंय, हे कळून तिला आतून कसंसंच झालं. सुख म्हणावं तर तेही होतं त्यात.

मग 'कथानक' अशा मथळ्याखाली दहा-बारा ओळी होत्या. त्या तिने वाचल्या आणि फोन परत दिला.

"काढून टाका हे," ती म्हणाली.

अभिनवला वाटलं, संकोच आहे. तो उत्साहाने बोलत राहिला. मिठागरावरच्या बायकांवर इतकं खरं कुणी लिहिलेलं नाही, तुमच्यासारख्या लेखिकांना असंच पुसून टाकलं जातं, म्हणून तर मी भांडतोय. तिने त्याला मध्येच थांबवलं. पूर्ण काढता येत नसेल तर गोष्ट तरी काढा, नुसतं पुस्तकाचं नाव राहू द्या. तो गोंधळला. कथानकच काढलं तर लेखात उरेल काय, असं त्याने विचारलं. कारण काय, असंही विचारलं.

"घरगुती आहे," ती म्हणाली. सांगायचं तर एकच गोष्ट होती, आणि ज्याला ती आधी सांगायला हवी होती त्यालाच तिने ती आजवर सांगितली नव्हती.

गोडदेव तेव्हा गाव होतं. घरतांची भातशेती होती आणि खाडीकडे मिठागर होतं. मंजुळाचा मोठा भाऊ ईश्वर, त्याची बायको अंबिका. अंबिका नायगावकडची, उंच, हसताना तोंडावर पदर धरणारी. मंजुळा तेरा वर्षांची असताना एका दुपारी भाकरी घेऊन आगरावर, म्हणजे मिठागरावर, गेली. बांधावर ईश्वर अंबिकेला मारत होता. कशावरून, ते मंजुळाला कधीच कळलं नाही. अंबिका तोल जाऊन खाडीचं पाणी साठवायच्या तळ्यात पडली. डोकं कशावर तरी आपटलं असावं, ती उठली नाही. ईश्वर बांधावर उभा राहिला. खाली उतरला नाही. मंजुळाने हाक मारली, धावली, पण तळ्याला वळसा घालून येईपर्यंत पाण्यावर पदर तेवढा पसरलेला होता.

वडिलांनी, काशीनाथ घरतांनी, त्याच संध्याकाळी तिला मागच्या पडवीत नेलं आणि सांगितलं की तू आज आगरावर गेलीच नव्हतीस. पोलीस आले. पाय घसरून पडली असं लिहिलं गेलं. तेरा वर्षांच्या पोरीला कुणी काही विचारलं नाही. अंबिकेच्या माहेरचे दहाव्याला आले, रडले, गेले.

मागे राहिला जितेश, दीड वर्षाचा. तो मंजुळाच्या कडेवर वाढला. तिच्यासाठी स्थळं आली तेव्हा पोरगं कोण बघणार, या एका प्रश्नावर सगळी परत गेली. ईश्वरने दुसरं लग्न केलं नाही. गावात त्याचं कौतुक झालं. बायकोच्या मागे असा राहणारा माणूस विरळा, म्हणून लोक मुलांना त्याचं उदाहरण देत. जितेशने आईबद्दल विचारलं की मंजुळा सांगायची, शेवाळ होतं बांधावर, पाय घसरला.

वडील गेल्याच्या पुढच्या वर्षी तिने लिहायला घेतलं. तेव्हा ती एका डॉक्टरांच्या दवाखान्यात केसपेपर काढायची, दुपारी दवाखाना बंद असायचा. नावं बदलली, बाकी काही बदललं नाही. पुस्तकावर स्वतःच्या नावापुढे वडिलांचं नाव लावलं. ज्यांनी तोंड बंद करायला सांगितलं, त्यांच्याच नावाने तिला ते उघडायचं होतं. घरात कुणी पुस्तक वाचणारं नव्हतं. दादरच्या दुकानात ते काही महिने काचेत होतं, मग तिथूनही गेलं. त्याच वर्षी दवाखाना सोडून ती लॅबमध्ये लागली, आणि त्यानंतर तिने एक ओळ लिहिली नाही. मिठागर गेलं, शेतं गेली, बिल्डरने बांधलेल्या इमारतीत घरतांना फ्लॅट मिळाले, मंजुळाला तळमजल्यावरची खोली. वरच्या मजल्यावर जितेश, त्याची बायको सलोनी आणि ईश्वर. दोन वर्षांपूर्वी ईश्वरला झटका आला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. तेव्हापासून रोज सकाळी जितेश बापाला खुर्चीत बसवून न्हाणीत नेतो, आंघोळ घालतो, दाढी करतो, भरवतो, आणि मग आपल्या केबल-इंटरनेटच्या धंद्यावर जातो.

अभिनव गेल्यावर दोन दिवस मंजुळाला काम सुचेना. मग तिने लॅबमध्ये रक्त काढणाऱ्या नीलमची मदत घेतली. नीलमने तिला त्या ज्ञानकोशात खातं उघडून दिलं आणि चर्चेचं पान दाखवलं.

"मॅडम, लोक पैसे भरून आपलं नाव टाकून घेतात. तुम्ही काढायला काय सांगताय?" नीलम म्हणाली.

चर्चेत पाच-सात लोक होते. खरी नावं कुणाचीच नव्हती. आक्षेप घेणाऱ्याने 'नीरक्षीर' असं नाव घेतलं होतं. त्याने लिहिलं होतं: 'एका पुस्तकाची लेखिका. पुढे लेखन नाही. समीक्षकांनी दखल घेतल्याचा पुरावा अपुरा. मराठीत अशी शेकडो पुस्तकं येतात आणि विसरली जातात, त्या प्रत्येकाची नोंद ठेवणे हे ज्ञानकोशाचे काम नाही. वगळावा.' मंजुळाने ते दोनदा वाचलं. हा अनोळखी माणूस तिच्या बाजूने होता. तरी 'विसरली जातात' या शब्दांपाशी तिला थोडा वेळ थांबावं लागलं. त्याखाली अभिनवने लांबलचक उत्तर दिलं होतं.

दुपारी काउंटर रिकामा असताना तिने एका बोटाने टाइप केलं. मी स्वतः या पुस्तकाची लेखिका आहे. लेख वगळावा ही विनंती. पुस्तकाच्या तीनशे प्रती निघाल्या होत्या, त्यातल्या बऱ्याचशा गठ्ठ्यातच राहिल्या. मी लेखिका नाही, नोकरी करणारी बाई आहे.

संध्याकाळपर्यंत उत्तरं आली. आपण लेखिका आहात हे कशावरून, असं एकाने विचारलं. दुसऱ्याने नम्रपणे नियम सांगितला: जिच्यावर लेख आहे तिची इच्छा हा लेख ठेवण्याचा किंवा वगळण्याचा निकष नाही, निकष फक्त उल्लेखनीयतेचा. नीरक्षीरने लिहिलं की हा बनावट खात्याचा प्रकार दिसतो.

म्हणजे आपलं नाव काढायचं तर आधी आपणच ते नाव असल्याचं दाखवायला हवं होतं. तिने कपाटातून प्रकाशकाशी झालेला करार काढला, नीलमने त्याचा फोटो काढून चढवला. त्यावर तिचं पूर्ण नाव होतं, मंजुळा काशीनाथ घरत, राहणार गोडदेव. त्या वेळी तिच्या ते लक्षात आलं नाही. तिचं सगळं चित्त पुढच्या ओळींवर होतं, कारण पुस्तक चांगलं नाही हे आता तिला लोकांना पटवायचं होतं.

ते लिहायला तिला दोन दुपारी लागल्या. तिने लिहिलं की भाषा कच्ची आहे, शेवट ओढूनताणून केलेला आहे, मिठागराची वर्णनं कंटाळवाणी आहेत. घटना अतिरंजित आहेत, असं लिहून तिने खोडलं, आणि पुन्हा लिहिलं. ज्या पानांसाठी ती दवाखान्याच्या बंद दारामागे उन्हाळाभर घामाघूम बसली होती, ती आता तिने एकेक करून मोडीत काढली. शेवटचं बटण नीलमला दाबायला सांगून ती पाणी प्यायला उठली.

उलटंच झालं. करारामुळे लेखिका कोण याची शंका मिटली. खऱ्या नावाने शोधल्यावर कुणाला तरी एका दिवाळी अंकातलं परीक्षण सापडलं. आणखी एकाने एका विद्यापीठाचा जुना अभ्यासक्रम आणला, त्यात ही कादंबरी दोन वर्षं नेमलेली होती. मंजुळाला त्याचा पत्ताही नव्हता. कुठल्यातरी गावी कॉलेजातल्या मुलांनी अंबिकेच्या मरणावर परीक्षेत उत्तरं लिहिली होती. नीरक्षीरने शेवटच्या दिवशी लिहिलं, 'मी पुस्तक मिळवून वाचले. माझा आक्षेप मागे घेतो. लेखिकेने आपल्या पुस्तकाविषयी इथे जे लिहिले आहे त्याच्याशी मी सहमत नाही. लेख ठेवावा.'

खाली निकाल आला. लेख ठेवावा. अभिनवने फोन करून सांगितलं. मंजुळा "बरं" म्हणाली आणि समोरच्या बाईला उपाशीपोटी आलात का ते विचारू लागली.

तरी तिला आशा होती. इंटरनेटवर काय थोडं पडलेलं असतं, कोण वाचतं. पंधरा दिवस काही झालं नाही. मग लेखात कुणीतरी तिचं पूर्ण नाव घातलं, आणि भायंदरवरच्या लेखात गावातल्या नामवंतांमध्ये तिचं नाव आलं. तिथून ते गोडदेवच्या गाववाल्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आलं. हात जोडलेली चित्रं, फुलं, अभिमान आहे, आपल्या गावची लेखिका.

रविवारी सकाळी सलोनीने तिला वर बोलावलं. टेबलावर पेढे होते. ईश्वर हॉलमधल्या पलंगावर उशांना टेकून बसला होता आणि जितेश त्याला नाचणीची पेज भरवत होता. मंजुळा दारात दिसताच तो हसला.

"आत्या, एवढा मोठा काम केलास, आनि कधी बोल्ली न्हाय? मंडलवाले बोल्तात, नवरात्रात शाल-श्रीफल देऊ." मग बापाकडे वळून तो म्हणाला, "आयकता का बाबा? तुमची बहीन लेखिका हाय. थांबा, वाचून दाखवतो."

"जितू, पेज गार होईल. नंतर वाच," मंजुळा म्हणाली.

"थांब गो."

त्याने वाटी मांडीवर ठेवली आणि डाव्या हातात फोन धरून मोठ्याने वाचायला लागला. त्याला वाचायची सवय नव्हती, शब्द तोडत तोडत वाचत होता. पुरस्काराचं वाचून झालं तेव्हा सलोनीने "बघा" म्हणून मंजुळाच्या खांद्यावर हात ठेवला. मग कथानक आलं. मिठागरावर राबणाऱ्या घरातली सून रुक्मी. नवरा तिला बांधावर मारहाण करतो. ती साठवणीच्या तळ्यात पडते. तो तिला बाहेर काढत नाही, बांधावर उभा राहतो. जेवण घेऊन आलेली तेरा वर्षांची नणंद हे पाहते.

जितेशचा आवाज हळू होत गेला, पण तो थांबला नाही.

"तिच्या दीड वर्षाच्या मुलाला पुढे हीच नणंद वाढवते," त्याने वाचलं, "आणि त्याला, आई पाय घसरून..."

उरलेलं त्याने मनात वाचलं. अंगठ्याने पान वर सरकवलं, पुन्हा खाली आणलं. सलोनीचा हात मंजुळाच्या खांद्यावर तसाच होता, मग तो निघाला. ईश्वरची चांगली असलेली बाजू भिंतीकडची होती. त्याने त्या बाजूला तोंड फिरवलं. त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, पण झटक्यानंतर त्याला कशावरही रडू यायचं, टीव्हीवरच्या जाहिरातीवरसुद्धा.

जितेशने फोन खिशात ठेवला. हाताच्या पंजाने बापाची हनुवटी आपल्याकडे वळवली, चमचा उचलला आणि वाटीतली उरलेली पेज त्याला भरवली. एकही चमचा सांडला नाही. मग रुमालाने त्याचं तोंड पुसलं, वाटी धुतली आणि चप्पल घालून खाली निघून गेला.

त्यानंतरचे काही दिवस मंजुळा लॅबमध्ये गेली, आली. सलोनी तिचा डबा दाराशी आणून ठेवायची आणि बेल वाजवून वर जायची. एकदा दार लगेच उघडलं गेलं तेव्हा जिन्यात वळून ती एवढंच म्हणाली की सध्या वर येऊ नका, यांना बरं नाही वाटत. मंडळाला जितेशने आत्या आजारी आहे म्हणून कळवलं. अभिनवचा मेसेज आला, लेखात छायाचित्र नाही, एखादं पाठवाल का? तिने उत्तर दिलं नाही. वरच्या न्हाणीचं पाणी तिच्या खोलीमागच्या पाइपातून उतरायचं. रोज सकाळी ठरलेल्या वेळेला ते उतरत होतं, म्हणजे ईश्वरची आंघोळ चुकली नव्हती.

गुरुवारी दुपारी तिला सुट्टी होती. जितेश आला आणि दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला. बस म्हटलं तरी बसला नाही.

"खरा हाय?"

"हो."

"सगला?"

"नावं बदलली. बाकी सगळं."

मग तो बोलला ते तिला अपेक्षित नव्हतं. बापाबद्दल तो बोललाच नाही.

"दुकानात मिलत होता ना त्यो पुस्तक. कोन पन जाऊन वाचला असता. कालेजात पोरांना शिकवला. त्यांना सगल्यांना म्हाईत, माझी आयस कशी मेली ती. मनाच फक्त न्हाय."

"तू लहान होतास, जितू."

"मी पंचेचालीस वर्साचा हाय, आत्या."

तिने सांगायचा प्रयत्न केला. आई गेलेलीच होती, बाप तरी राहू दे म्हणून आधी बोलले नाही. मग तू त्याच्या खांद्यावर बसून जत्रेला जायला लागलास, मग तुझं लग्न झालं, आणि मग तो आजारी पडला. प्रत्येक वेळेला वाटलं, आता नको. हे सगळं खरं होतं आणि बोलताना तिला ते काहीच पुरेसं वाटत नव्हतं. जितेशने ऐकून घेतलं.

"बाबांना विचारलंस?" तिने शेवटी विचारलं.

"काय विचारू? त्यांना बोलता येत न्हाय. सकाली साबन लावला. पाठ घासली. उद्या पन घासाची हाय. दुसरा कोन करील?"

ती रडली नाही. आपण रडलो तर त्याला आपलीच समजूत घालावी लागेल, एवढं तिला कळत होतं.

"मना ती जागा दाखव," जितेश म्हणाला.

त्याच्या स्कूटरवर मागे बसून ती गेली. गोडदेवच्या गल्ल्या, भाजीच्या गाड्या, मग नवा रस्ता, मग खाडीच्या बाजूचे टॉवर. मिठागर कुठे होतं ते सांगायला तिथे काही उरलेलं नव्हतं. तिने रिकाम्या प्लॉटच्या कोपऱ्यावरची आगरदेवाची घुमटी शोधली, तिला आता गुळगुळीत टाइल्स लावलेल्या होत्या. तिथून खाडीपलीकडच्या डोंगराची रेघ धरून ती बोट दाखवत गेली, डावीकडे, अजून थोडं, आणि एका सोसायटीच्या फाटकापाशी त्याला थांबायला सांगितलं. आत मोटारींची रांग होती. त्यांच्या मागे कारंजं होतं, ते बंद होतं.

"हितं?"

"त्या मोटारी आहेत ना, तिथे तळं होतं. बांध हा असा यायचा, फाटकातून."

वॉचमन केबिनमधून बाहेर आला. "किसके यहाँ जाना है?"

जितेशने त्याच्याकडे पाहिलं. त्याला प्रश्न कळायला वेळ लागला असावा. "अंबिका घरत," तो म्हणाला.

वॉचमनने विंग विचारली. जितेश बोलेना, तेव्हा त्याने आत जाऊन इंटरकॉमवर कुणाला तरी विचारलं आणि परत आला. "इस नाम का कोई नहीं है इधर. दूसरी सोसायटी होगी."

"हां," जितेश म्हणाला. "ठीक है."

वॉचमन केबिनच्या सावलीत जाऊन बसला, पण त्यांच्यावरची नजर त्याने काढली नाही. फाटकासमोर ऊन होतं. जितेश आतल्या मोटारींकडे बघत उभा राहिला. तिने लेखात नसलेली एक गोष्ट त्याला सांगितली. त्या दिवशी अंबिकेने त्याला घरी झोळीत निजवलं होतं आणि ती निघताना मंजुळाला म्हणाली होती, उठला तर त्याला पेजेवरचं पाणी दे. जितेशने मान हलवली. त्याला अजून काहीतरी विचारायचं होतं. ते त्याने दोनदा विचारायला घेतलं आणि तिसऱ्यांदा विचारलं.

"पानी किती होता?"

मंजुळाने तळवा पालथा करून कमरेपाशी धरला. क्षणभर तो तसाच ठेवला, आठवून पाहिलं, आणि मग वाकून तो गुडघ्याच्या जरा वर आणला.

"एवढं," ती म्हणाली.

मागून आत जायला एक मोटार आली आणि तिने हॉर्न दिला. ती दोघं बाजूला झाली.